ध चा मा कुणी केला?

(धाराशिव जिल्ह्यातील महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला आज 'बाई आणि जमीन' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. त्यावर मी बोलणारच आहे. पण सुरुवात दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमापासून करते. तुमच्यापैकी काही जणींना वाटेल, ही बाई सातबाऱ्यावर बोलायचं सोडून पेशव्यांच्या गोष्टी काय सांगत बसली. थोडा धीर धरा. दोन्ही गोष्टी एकमेकींना कुठे जाऊन भेटतात ते शेवटी तुमचं तुम्हालाच दिसेल.

गणपतीचे दिवस होते. कळंब तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हिशेब झाला, चहा झाला, आणि बाहेर पाऊस लागला. एस.टी. निघून गेलेली, तेव्हा मी मुक्कामालाच थांबले. ज्या घरात बैठक होती तिथे दूरदर्शन संच सुरू होता. कुठल्याशा वाहिनीवर ऐतिहासिक माहितीपट लागला होता. पेशवा नारायणराव यांच्या मृत्यूचं गूढ. अंधारा वाडा, पाऊस, पळणारी पावलं, 'काका मला वाचवा' ही आरोळी, आणि मधूनमधून भारदस्त आवाजात एकच प्रश्न : त्या दिवशी शनिवारवाड्यात नेमकं काय घडलं?

आम्ही दहा-बारा जणी होतो. सगळ्या गप्प बसून पाहत होत्या. कार्यक्रम चांगला बनवला होता, उगाच नावं ठेवणार नाही. पण 'गूढ' म्हणून सुरू झालेला तो तास संपता संपता गूढ कुठेच उरलं नाही. शेवटी पडद्यावर काय आलं? समईचा उजेड, एक कागद, बोरू धरलेला बांगड्यांचा हात, आणि मग काजळ घातलेले दोन डोळे. आनंदीबाई. खेळ खलास. पुरुषांनी तलवारी चालवल्या, पुरुषांनी कट केला, पुरुष गादीवर बसला. पण कार्यक्रमाचा शेवटचा मुक्काम बाईच्या हातावर.

कॉलेजला जाणारी एक मुलगी लगेच म्हणाली, "बघा, शेवटी बाईनंच घात केला." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेल. लहानपणापासून आपण सगळ्यांनी हेच ऐकलं आहे ना! 'ध चा मा' हे तर आपल्या बोलण्यातच आहे. कुणी मजकुरात फिरवाफिरव केली की आपण सहज म्हणतो, ध चा मा केला.

पण कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या एक आत्या होत्या. सोजरआत्या म्हणू या त्यांना. शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्यांनी त्या मुलीला विचारलं, "बये, त्यो हुकमाचा कागुद कुणाचा व्हता?"

"राघोबादादांचा, आत्या."

"तरवारी कुणाच्या?"

"गारद्यांच्या."

"आन् ते पोरगं मेल्यावर गादी कुणाला घावली?"

"राघोबादादांनाच."

"मग त्या बाईनं काय केलं?"

"आत्या, तिनं अक्षर बदललं ना! धरावे होतं, त्याचं मारावे केलं."

"हे कुणी बघितलं?"

मुलगी गप्प झाली. माझ्याकडे पाहायला लागली. मी शिकलेली बाई, मला माहीत असणार असं तिला वाटलं. मलाही उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. घरी आल्यावर मी पुस्तकं काढली, जाणकारांना विचारलं. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

३० ऑगस्ट १७७३. शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे अनंत चतुर्दशीच्या आदला दिवस. पुण्यात शनिवारवाड्यात पेशवा नारायणरावाचा खून झाला. वय अठरा वर्षं. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले, त्यानंतर हा त्यांचा धाकटा भाऊ गादीवर आलेला. वर्षही पुरतं झालं नव्हतं. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, वाड्यातच नजरकैदेत होते. गादीवर आपला हक्क आहे असं त्यांना वाटत होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही.

सुमेरसिंग गारदी आणि त्याचे लोक दुपारी वाड्यात घुसले. नारायणराव चुलत्याच्या खोलीकडे पळाला, त्यांना मिठी मारली. तुळाजी पवार नावाच्या नोकराने त्याला ओढलं, गारद्यांनी तोडलं. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला, तोही मेला. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी त्या दिवशी मारल्या गेलेल्यांची संख्या अकरा दिली आहे : नारायणरावासह सात ब्राह्मण, दोन मराठा नोकर आणि दोन दासी.

दोन दासी. मैत्रिणींनो, तासाभराच्या त्या माहितीपटात या दोघींचा उल्लेखसुद्धा नव्हता. मारणाऱ्या म्हणून बाई लक्षात राहते. मेलेल्या बायका मोजणीतही धरल्या जात नाहीत.

आता पुढचं ऐका. हा खून न्यायाविना राहिला नाही. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. जवळजवळ पन्नास माणसं कटात असल्याचं त्यांना आढळलं, आणि त्यात बहुतेक सगळे पुरुष. वेगवेगळ्या जातींचे, वेगवेगळ्या कामांवरचे. आणि मुख्य दोषी म्हणून त्यांनी बोट कुणाकडे दाखवलं? राघोबादादांकडे. ज्याच्या हाती सत्ता आली होती त्याला तोंडावर सांगितलं की या पापाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही. आणि असल्या कारभारात राहणार नाही म्हणून ते पुणं सोडून गेले. रामशास्त्र्यांचं नाव आपण आदरानं घेतो ते याच निकालासाठी.

म्हणजे न्यायाधीशाने बोट दाखवलं नवऱ्याकडे. आणि आपल्या भाषेने बोट दाखवलं बायकोकडे. हे कसं झालं?

'ध चा मा'ची गोष्ट छापील इतिहासात ठळकपणे दिसते ती ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याच्या मराठ्यांच्या इतिहासात. ते पुस्तक १८२६ सालचं. म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. तो सांगतो की राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या कागदात पकडण्याची परवानगी होती, त्या शब्दाचा मारणे असा बदल केलेला रामशास्त्र्यांना आढळला. आणि हा बदल आनंदीबाईने केला अशी सर्वसाधारण समजूत आहे, असं तो लिहितो. नीट लक्ष द्या : समजूत आहे. तिला लिहिताना पाहिलेला माणूस नाही. तिचा कबुलीजबाब नाही. तिचं हस्ताक्षर कुणी ताडून पाहिल्याचा दाखला नाही. आहे ती समजूत. आणि तोच ग्रँट डफ त्याच ठिकाणी असंही सुचवतो की राघोबादादांचं नंतरचं वागणं पाहता त्यांना सगळं ठाऊक असणार असं मानायला जागा आहे. पण ते वाक्य आपल्या घराघरांत पोचलं नाही. पोचली ती समजूत.

मग त्या समजुतीला नाटक मिळालं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' १९०९ सालचं. मग चित्रपट आला, प्रभातचा 'रामशास्त्री', १९४४. पुढे कादंबऱ्या, शाळेतल्या गोष्टी, मालिका, आणि आता हे माहितीपट. नाटक-चित्रपटाला दोष देत नाही, त्यांना रंग भरावाच लागतो. पण माहितीपट स्वतःला माहितीपट म्हणवतो. त्याने निदान एवढं सांगायला हवं होतं की बाबांनो, ही ऐकीव गोष्ट आहे आणि हा चौकशीचा निकाल आहे. दोन्हींना एकाच पंगतीत बसवून वर ऐकीव गोष्टीलाच शेवटचा घास देणं, ही कसली माहिती?

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर माझ्यावर उलटा आरोप व्हायचा. आनंदीबाई साध्वी होती, तिला काही ठाऊकच नव्हतं, असं मी म्हणत नाही. ती राजकारणातली बाई होती. आपला नवरा गादीवर यावा असं तिला वाटलं असेल. बाई आहे म्हणून ती निर्दोष, असं म्हणणं हेही बाईला माणूस न मानण्यासारखंच आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की जो पुरावा राघोबादादांना लागतो तोच आनंदीबाईलाही लागावा. त्यांच्याबद्दल चौकशी झाली, साक्षी झाल्या, निकाल झाला. तरी त्यांच्यासाठी आपण 'हुकूम तर धरण्याचाच होता' अशी पळवाट ठेवली. तिच्याबद्दल निकाल झाला नाही, आणि तिच्या नावाची म्हणच करून टाकली. त्या म्हणीचा फायदा कुणाला झाला? राघोबादादांना. 'ध चा मा' खरं असेल तर ते फक्त हावरे ठरतात, खुनी ठरत नाहीत. नवऱ्याचं पाप हलकं व्हायला बायकोचा हात हवाच असतो.

त्याच वाड्यातल्या तीन बायकांकडे जरा पाहा. थोरल्या माधवरावांची रमाबाई थेऊरला सती गेली. तिचं आपण वृंदावन केलं. नारायणरावाची गंगाबाई नवऱ्याच्या खुनाच्या वेळी गरोदर होती. कारभाऱ्यांनी, ज्यांना बारभाई म्हणतात त्यांनी, तिला पुरंदरावर नेऊन ठेवलं, कारण तिच्या पोटात पेशवा होता. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मला. पोर चाळीस दिवसांचं असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. गंगाबाई स्वतः १७७७ मध्ये वारली. तिचं पुढे काय झालं, तिला काय वाटत होतं, कुणी विचारलं? आणि तिसरी आनंदीबाई. नवरा इंग्रजांच्या आश्रयाला जातो, ही धारच्या किल्ल्यात बाळंत होते. जानेवारी १७७५, तोच पुढे दुसरा बाजीराव. १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावला राघोबादादा वारले तेव्हा ती पुन्हा गरोदर होती. त्यानंतर मुलांसह कारभाऱ्यांच्या देखरेखीखाली राहिली आणि १७९४ मध्ये नाशिकजवळ आनंदवल्लीला मेली. नवरा मेल्यावरही तिची नजरकैद सुटली नाही.

एक जळाली म्हणून पूज्य. एक गर्भ वाहत होती म्हणून महत्त्वाची. एक जिवंत राहिली, बोलली, हक्क सांगू लागली, ती कारस्थानी. विधवेला या तीनच जागा आपल्या समाजाने ठेवल्या होत्या. आज सती नाही, पण बाकीच्या दोन जागा अजून तशाच आहेत का, हे तुम्हीच तुमच्या गावात पाहा.

आता मी त्या पावसाच्या रात्रीकडे परत येते. सोजरआत्यांनी प्रश्न विचारले आणि सगळ्या गप्प झाल्या, तेव्हा दाराजवळ बसलेली एक जण उठून बाहेर गेली. तिचं नाव मी कमल म्हणते. खरं नाव आणि गाव सांगत नाही. तिच्या परवानगीने बोलते आहे.

कमलचा नवरा काही वर्षांपूर्वी ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत रानात मरून पडलेला सापडला. दुपारचा डबा तिनेच नेऊन दिला होता. एवढंच निमित्त झालं. संध्याकाळपर्यंत गावात झालं, डब्यात काहीतरी घातलं. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं, व्हिसेरा तपासणीला राखून ठेवला. हे सगळं कायद्याप्रमाणेच होतं. पण अहवाल यायला काही महिने गेले. गावाला तेवढा वेळ नव्हता. गावाचा निकाल दहाव्याच्या आत लागला होता.

आता माझी चूक सांगते. कमलची आई माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आली होती. रडत होती. मी ऐकून घेतलं, पण मनात पाल चुकचुकली. एवढे लोक म्हणतात, म्हणजे काहीतरी असेल. नवरा-बायकोचं पटत नव्हतं असंही कुणी सांगितलं. मी तिला म्हटलं, "अहवाल येऊ द्या, मग बघू." पंधरा वर्षं बायकांच्या प्रश्नावर काम करणारी मी, आणि मी कमलला भेटायला पंधरा दिवसांनी गेले. आनंदीबाईकडे पाहायला त्या माहितीपटाने जे डोळे मला दिले होते, तेच डोळे घेऊन मी कमलकडे पाहत होते.

त्या पंधरा दिवसांत काय झालं? दहावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी दिरांनी तिला तालुक्याला नेलं. सरकारी मदतीचा अर्ज आहे, सही कर, म्हणाले. ती चौथी शिकलेली. डोक्यावर पदर, डोळे सुजलेले, शेजारी सासू. शंभराच्या दोन मुद्रांकांवर तिने सह्या केल्या. तो मदतीचा अर्ज नव्हता. ते हक्कसोडपत्र होतं. नवऱ्याच्या वाट्याच्या साडेतीन एकरांवर माझा आणि माझ्या मुलीचा काही हक्क नाही, मी राजीखुशीने सोडते आहे, असा मजकूर.

मैत्रिणींनो, 'ध चा मा' हा असा होतो. तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. अर्जाचं हक्कसोड झालं. आणि बदलणारा हात बांगड्यांचा नव्हता. बांगड्या तर तिच्या आधीच फोडल्या होत्या. त्या कागदावर बाईची होती ती फक्त सही.

आणि हा कागद कुठून आला? गावातल्या कुजबुजीतून. मला वकीलताईंनी नंतर समजावून सांगितलं, ते तुम्हाला सांगते. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. नवरा मृत्युपत्र न करता वारला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस, प्रत्येकाला सारखा वाटा. विधवेने पुढे लग्न केलं तरी नवऱ्याकडून मिळालेला हा वाटा जात नाही. पण याच कायद्यात २५ वं कलम आहे. ज्याने खून केला किंवा खुनाला मदत केली, त्याला मेलेल्याच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. कलम योग्यच आहे. खून करून जमीन मिळू नये. मात्र ते न्यायालयात पुराव्याने सिद्ध व्हावं लागतं. आमच्याकडे चावडीवर बोललं गेलं की ते सिद्ध झालं असं धरतात. दिरांनी कमलला हेच सांगितलं होतं : "तुझ्यावर खुनाची केस व्हनार हाय. केस झाली की तुला बी काय मिळत न्हाई अन् पोरीला बी. त्यापरीस गप सही कर, आमी प्रकरण मिटवतो."

म्हणजे नवऱ्याला मारल्याची अफवा ही नुसती अब्रूची गोष्ट नाही. ती साडेतीन एकरांची गोष्ट आहे. आणि खोटी धमकीही बघा कशी : आईवर आरोप झाला तरी मुलीचा वाटा जात नाही, ती बापाची स्वतंत्र वारस आहे. हे कमलला कुणी सांगितलं नाही. सांगू शकणारी मी, अहवालाची वाट पाहत घरी बसले होते.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. आम्ही उशिरा का होईना गेलो. कागद पाहिला तर तो नुसता मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारलेला होता. जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नोंदणी नसलेल्या कागदावर जमिनीचा हक्क सुटत नाही. फेरफाराची नोटीस चावडीवर लागली होती. हरकतीला पंधरा दिवस असतात, त्यातले तीन उरले होते. कमलने लेखी हरकत दिली, पोच घेतली. नोंद तक्रारी म्हणून गेली. मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावण्या झाल्या, मग प्रांतांकडे अपील. तारखांना जाताना गावातल्या बायका तिच्याशी बोलत नव्हत्या, हेही सांगते. हळदीकुंकवाचं सोडाच, आडावर तिची कळशी लागली की दुसरी कळशी बाजूला घेतली जाई.

व्हिसेऱ्याचा अहवाल सात-आठ महिन्यांनी आला. विष आढळलं नाही. ते एका ओळीचं वाक्य मी स्वतः वाचलं. गावात मात्र ते कुणी वाचून दाखवलं नाही. अफवा चावडीवर उठते आणि अहवाल फायलीत राहतो. आज सातबाऱ्यावर सासूबरोबर कमलचं आणि तिच्या मुलीचं नाव आहे. प्रत्यक्ष वाटप अजून झालेलं नाही. तो दावा सुरू आहे. जिंकलो असं मी म्हणणार नाही.

त्या रात्री ती बाहेर गेली तेव्हा मी मागे गेले. ओसरीवर पावसाकडे पाहत उभी होती. मला म्हणाली, "ताई, सोजरआत्या आज त्या बाईसाठी बोलल्या. माझ्या टायमाला बोलल्या असत्या तर..." पुढे बोलली नाही. मी तिला काय उत्तर देणार? आत्यांचं राहू द्या. मी कुठे बोलले होते?

आत जाऊन हे मी आत्यांना सांगितलं नाही. पण त्यांनी ते ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस.टी.ला निघाले तेव्हा आत्या कमलच्या घरच्या उंबऱ्यावर बसून चहा पीत होत्या. गावाला दिसेल अशा.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न थोडाथोडका नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला भूकंप झाला तेव्हा लोहारा-उमरग्याकडे किती घरांत एकट्या बायका उरल्या ते तुमच्यातल्या थोरल्या जणींनी पाहिलं आहे. नंतर दुष्काळ, कर्ज, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. प्रत्येक मृत्यूमागे एक बाई उरते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं, हिच्या पायगुणानं, हिच्या तोंडानं, हिच्या हातानं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. चांगली गोष्ट आहे. कुंकू पुसू नका, बांगड्या फोडू नका, हे ठराव आपल्या गावांतही झाले पाहिजेत. पण कुंकू राहिलं आणि जमीन गेली तर त्या कुंकवाने पोट भरणार नाही.

म्हणून माझी तुम्हा सगळ्या गटांना विनंती आहे. गावात कुणाचा नवरा वारला की गटातल्या दोघींनी पहिल्या तीन दिवसांत तिच्याकडे जायचं. अहवालाची वाट पाहायची नाही, माझ्यासारखी. तिला एकच सांगायचं : तेरावा होऊन महिना जाईपर्यंत कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा नको, आणि त्यानंतरही गटातल्या एकीने मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय नको. मृत्यूचा दाखला तिच्या हाती राहू द्या, नुसता दिराच्या नको. वारसनोंदीचा अर्ज तिच्या नावाने तलाठ्याकडे द्या, कायद्याने तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. अर्जाची पोच घ्या. चावडीवरची नोटीस आठवड्याला एकदा वाचायचं काम गटात एकीला नेमून द्या. मृत्यू संशयास्पद असेल तर तपास होऊ द्या, अडवू नका. पूर्वी तो फौजदारी संहितेच्या १७४ कलमाखाली होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ कलमाखाली होतो. अहवालाची नक्कल मागा, आणि आली की गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचा. जितक्या मोठ्या आवाजात अफवा बोलली गेली तितक्या मोठ्या आवाजात.

आणि एखादीने खरोखर गुन्हा केला असेल तर? तर न्यायालय आहे. तिला शिक्षा होईल. पण तो निर्णय नळावर आणि पारावर होणार नाही.

शेवटी, पुन्हा कधी दूरदर्शन संचावर असा माहितीपट लागला तर जरूर पाहा. इतिहास आपलाही आहे. फक्त शेजारी एखादी सोजरआत्या बसवा आणि तिला विचारू द्या : कागद कुणाचा? तलवार कुणाची? गादी कुणाला मिळाली? आणि हे लिहिताना बघितलं कुणी?

माझं बोलणं संपलं. आता कमल, जी आज इथे आली आहे आणि जिने स्वतःहून बोलायचं ठरवलं आहे, ती फेरफाराची नोटीस कशी वाचायची ते तुम्हाला दाखवणार आहे. तिने नकला आणल्या आहेत. पुढे सरकून बसा, मागच्यांना दिसायला हवं.